दीड तासाचा फरक

या सदरात येणाऱ्या निम्म्या गोष्टी वाचून मोठ्याने हसलेली बाई आहे मी, हे आधीच सांगून टाकते. उलटे पाय, गाडीला हात करणारा म्हातारा, विहिरीतून येणारी हाक... छे. कॉलेजात पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलं. ग्रहणात भरलेल्या घागरी ओतून टाकणाऱ्या सासूबाईंच्या समोर मुद्दाम चहा करून प्यायले आहे. कुठला वार पाळला नाही, कुठला उपास केला नाही. तेव्हा ‘मॅडम, तुमच्या मनात होतं म्हणून तसं वाटलं’ असं कृपा करून कुणी लिहू नये. माझ्या मनात काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः फारसं काही पाहिलंही नाही. पाहिलं ते एकतीस पोरांनी आणि त्यांच्या बाईंनी.

साल २००२. मी रत्नागिरीला कॉलेजात होते. आमच्याकडे आकाशनिरीक्षणाचा एक गट होता – मीच सुरू केलेला, त्यामुळे त्याचा भारी अभिमान. त्या वर्षी मी ठरवलं, नुसती दुर्बीण लावून शनीची कडी दाखवणं पुरे. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने आपल्या गावची एक शाळा घ्यायची आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत जाऊन तास घ्यायचा. कुणी वेळणेश्वर घेतलं, कुणी सावर्डे. शफीने घेतली त्याच्या स्वतःच्या गावची शाळा. पूर्णगडच्या वाटेवरचं समुद्राकाठचं गाव आहे, नाव लिहीत नाही. खाली किनाऱ्याला वस्ती, एसटीचा थांबा, नारळी. शाळा मात्र वर सड्यावर, उघड्या कातळात. खालून चढून जायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात.

शफीबद्दल सांगते. त्याचे वडील कुवेतला, आणि दहावीपर्यंत हाही तिथेच वाढलेला. मग आई आणि तो गावी परत आले, आजोबांकडे. आजोबा म्हणजे जुने तांडेल, गलबतावर उभी हयात घालवलेले. नातू मात्र समुद्राकाठी राहून धड पोहायला न येणारा. डावखुरा. फळ्यावर लिहिताना अर्धं अक्षर मनगटाने पुसत जायचा, मी त्यावरून त्याला बोलायचे. तोही हसून म्हणायचा, “मॅडम, लिहिलेलं पुसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.” असा.

आता थोडं शिकवते, नाईलाज आहे. भरतीची वेळ काढायचा आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे – तिथीची पाऊणपट करायची. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती. त्यात सहा तास आणि वर थोडे मिळवले की ओहोटी संपून पाणी फिरायची वेळ, साडेआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. शफीच्या आजोबांचा हिशेब तोच, फक्त त्यांच्या घरात तिथी नाही, चांदाची तारीख. चंद्रकोर दिसल्यापासून मोजायचं ते. म्हणून ते चांदाच्या तारखेत दोन मिळवायचे आणि मग पाऊणपट करायचे. खगोलाच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे ते. मला तर हे ऐकून आनंदाचं भरतं आलं होतं. म्हटलं, हाच आपला धडा. पोरांना पंधरवड्याचा तक्ता करून द्यायचा, त्यांनी रोज पाणी बघून खूण करायची, शेवटी आपण ताडून बघायचं.

शफीने मला त्या पंधरवड्यातल्या प्रत्येक दिवसाचा आकडा लिहून यादी आणून दिली. मी स्टाफरूममध्ये डबा खाता खाता तक्ता केला. दोन मिळवले, पाऊणपट केली, सहा तास मिळवले, झालं. चक्रमुद्रित करून शाळेत वाटलासुद्धा.

शफीने ते दोन आधीच मिळवून दिले होते. मी पुन्हा मिळवले.

कुणाच्याही हातून होईल अशी चूक आहे असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. पण ऐका. तक्त्याप्रमाणे त्या शनिवारी वद्य पंचमी येत होती. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, संकष्टी होती. घरात सासूबाईंचं आदल्या दिवसापासून चाललेलं – मोदकाचा नारळ, चंद्रोदय किती वाजता. उद्या चतुर्थी असेल तर आज पंचमी कशी असेल, हे अंगणवाडीतल्या पोराला कळलं असतं. ज्या घरात उपास असतो त्या घरातली कुठलीही बाई ही चूक करणार नाही. मी करू शकले, कारण मला त्या सगळ्याचा तिटकारा होता आणि मी कान बंद ठेवायचे. आकाश शिकवणारी बाई, आणि डोक्यावरचा चंद्र कितवा हे बघितलं नाही.

शुक्रवारी शफी कॉरिडॉरमध्ये आला. पेपर तपासायचे पडले होते, माझं डोकं आधीच तापलेलं.

“मॅडम, उद्याची वेळ जरा पुढे गेलीय असं वाटतं. तक्त्यात दहाला पाणी फिरतंय. आजोबा म्हणतात साडेआठला.”

“मग?”

“नाही, म्हणजे... एकदा बघता का?”

मी म्हणाले, “शफी, आजोबांचे तोंडी हिशेब तपासायचे म्हणून तर हा उद्योग आपण केला ना? मग तू जाऊन मोज. काठी घे, खडपावर उभा राहा आणि रीडिंग घेऊन ये. मला इथे उभ्या उभ्या शंका नकोत.”

खडप म्हणजे आमच्याकडे किनाऱ्यावरचा तो काळा खडक, ओहोटीला उघडा पडतो. तो बरं म्हणाला. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, आजही फारसं नाही. पण पोरगं खरंच मोजायला जाईल यात वावगं काय होतं? मोजायलाच तर शिकवलं होतं त्याला मी.

ठरलं असं होतं – शफी साडेनऊला खडपावर जाणार, दहाला पाणी फिरलं की नोंदून परत येणार आणि शाळेत शेवटचा तास घेणार. मी अकराला शाळेत पोचणार. शनिवार असल्याने शाळा अकराला सुटायची. मयेकर बाई, म्हणजे तिथल्या शिक्षिका, पोरांना माझ्यासाठी थोडं थांबवून ठेवणार होत्या.

मी रत्नागिरीहून एसटीने निघाले. गावाच्या अलीकडे घाटीत रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली की एकाला मागे घ्यावी लागते. तिथे समोरून एसटी आली, हॉर्न दाबून धरलेला. आमच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. त्या ड्रायव्हरने जाता जाता ओरडून सांगितलं की एक पोरगा बुडालाय, दवाखान्यात घेऊन चाललोय. मी घड्याळ पाहिलं – तासावर तास घेणाऱ्या माणसाची सवय असते ती. दहा पन्नास. शेजारच्या बाई अगं बाई म्हणाल्या. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, “लोक सांभाळतच नाहीत हो पाण्याला.” मला शफीची शंकासुद्धा आली नाही.

सड्यावरच्या फाट्याला उतरून शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून पाच-सात मिनिटं झाली होती. शाळा सुटलेली, पण पोरं वर्गातच होती, वह्यांत मान घालून. मयेकर बाई दारातच हसत भेटल्या.

“या मॅडम. अहो छान शिकवून गेला तुमचा शफी. आज तर किती शांत होता, एरवी पोरांना नुसता हसवत असतो.”

“कुठाय?”

“हा आत्ता गेला की. तुम्हाला वाटेत नाय दिसला? कातळावरून खाली उतरला, समुद्राच्या बाजूला.”

मी आत जाऊन फळा पाहिला. त्याचंच अक्षर. उजवीकडे फराटा गेलेलं, डावखुऱ्या मनगटाने पुसत गेलेलं. वर तारीख होती, खाली काठीवरची चार-पाच रीडिंग्ज, आणि त्याखाली लिहिलं होतं – ‘साडेनऊपासून पाणी चढतेच आहे. मागे मोजता साडेआठला फिरले. तक्त्यात दहा. फरक दीड तास. दोन दिवस दोनदा मिळवले गेले. आजोबांची वेळ बरोबर.’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संकष्टी, पंचमी, सगळं एका क्षणात दिसलं. आणि पहिला विचार काय आला ते लिहिते, लाज वाटते तरी लिहिते. विचार आला की पोरांसमोर माझी चूक फळ्यावर लिहायची याला काय गरज होती.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, शफीसर बोलले, तक्ता दुरुस्त करेपर्यंत कोणी खडपावर जायचं नाय. आणि बोलले, मॅडम येतायत, त्यांना हा फळा दाखवा. त्या आजोबांना सांगतील.”

“काय सांगतील?”

“आजोबांची वेळ बरोबर होती म्हणून.”

मी म्हटलं, तो स्वतः का नाही सांगत? ती म्हणाली, तेवढंच बोलले. पोरांनी आपली दप्तरं आवरायला घेतली.

इतक्यात खालच्या वस्तीतला एक माणूस स्कूटरवरून आला. त्याने बाईंना बाहेर बोलावलं. बाईंचा आवाज मला आतून ऐकू आला – “काय बोलता काय तुम्ही? आत्ता होता इथे.” मग पुन्हा, हळू – “आत्ता होता हो.”

खाली काय झालं ते नंतर नीट कळलं. कालवं काढणाऱ्या बायका खडपाच्या अलीकडच्या बाजूला होत्या. त्यांनी शफीला पलीकडच्या टोकावर काठीजवळ बसून लिहिताना पाहिलं. हाका मारल्या, पाणी चढतंय, ये म्हणून. त्याने हात केला आणि लिहीत राहिला. रीडिंग अर्धवट सोडायचं नाही हे मीच शिकवलेलं. मग तो उठला, पण मधल्या घळीत तोपर्यंत पाणी भरलं होतं. लाट आली आणि पाय सुटला. दहाची एसटी नुकतीच थांब्यावर लागली होती. बायकांचा ओरडा ऐकून ड्रायव्हर-कंडक्टर धावले. त्यांनी आणि दोघा खलाशांनी त्याला बाहेर काढलं, त्याच गाडीत घातलं आणि गाडी हलली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कंडक्टरने उशिराची नोंद केलेली आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आणण्याआधीच गेला होता.

आणि शाळेच्या शेरेबुकात मयेकर बाईंच्या हातची नोंद आहे – दहा पंचवीस ते दहा पंचावन्न, सागर आणि चंद्र, तास घेतला. खाली शफीची सही, डाव्या हाताची, फराटा ओढलेली.

मी या सगळ्याची फिजिक्सवाली बाई म्हणून पुरती चिरफाड केली आहे. शाळेचं घड्याळ पुढे असेल? माझ्या घड्याळाशी ताडलं, दोन मिनिटांचा फरक. दुसरा कुणी मुलगा असेल? गावातला प्रत्येक पोर त्याला ओळखत होता. आधी तास घेऊन मग खडपावर गेला असेल? मग कातळ उतरून, पाण्यात पडून, बाहेर काढून, त्याच गाडीने दहा पन्नासला तो माझ्या समोरून कसा जाईल? आणि ती रीडिंग्ज त्याने कुठून आणली? त्याची वही काठीसकट पाण्यात गेली, आजतागायत मिळाली नाही. एकतीस पोरांना एकाच वेळी एकच भास, आणि त्या भासात बरोबर आकडे? आकडे बरोबर होते. मी पुढच्याच महिन्यात वद्य तृतीयेला दुसऱ्या दोघांना पाठवून लांबून मोजून घेतले.

इथपर्यंतचं मी गेल्या काही वर्षांत दोन-चार जणांना सांगितलं आहे. पुढचं नाही सांगितलं.

स्कूटरवाला बाहेर बोलत होता. मयेकर बाई पायरीवर बसल्या होत्या. पोरं खिडकीशी गेली होती. मी फळ्यापाशी गेले आणि डस्टर उचललं. शेवटच्या तीन ओळी पुसल्या, मग नीट दिसेना म्हणून सगळाच फळा पुसला. मग पोरांना म्हणाले, “वह्या इकडे द्या. तपासून पाठवते.” एकतीस वह्या पिशवीत भरल्या. त्या परत पाठवल्या तेव्हा प्रत्येकीतून एक पान कमी होतं.

कॉलेजने चौकशी केली, पोलिसांनीही विचारलं. मी सांगितलं, स्थानिक हिशेबाप्रमाणे मुलगा गेला होता. स्थानिक हिशेब. हे दोन शब्द सगळ्यांना पुरले. मयेकर बाई काही दिवसांनी म्हणायला लागल्या की तास बहुतेक साडेनऊचा असेल, नोंद लिहिताना त्यांचीच गफलत झाली. मी त्यांना तसं समजावून सांगितलं होतं.

महिन्याभराने मी भेटायला गेले. जायला हवंच होतं. वडील कुवेतहून येऊन परत गेले होते. आईने, नसीमताईंनी, चहा ठेवला. आजोबा बाहेर खाटेवर होते. सत्तरी उलटलेले, पण अंग अजून ताठ. गावात सगळे ज्यांना पाण्याची वेळ विचारून होड्या ढकलायचे, ते हेच. त्यांनी मला जवळ बसवलं.

“मॅडम, पोरं काय काय बोलतात. वर्गात आला, फळ्यावर लिवलं... पोरांचं काय धरायचं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला विचारतो. दोन मिळवायचे आणि पाऊणपट करायची, हे मीच त्याला शिकवलं. माझ्या बापाने मला शिकवलं. मी तोंडाने साडेआठ बोललो, पण त्याच हिशेबाने कागदावर दहा आले, आणि तो कागद धरून गेला. तेच चुकीचं होतं काय वो? त्यापायी गेला काय पोर?”

त्यांचे डोळे कोरडे होते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. होय किंवा नाही, एवढंच. त्याच कामासाठी शफीने मला निरोप ठेवला होता.

मी म्हणाले, “तोंडी हिशेब असतात बाबा. कधी कधी चुकतात.”

त्यांनी मान हलवली. नंतर कळलं की त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही पाण्याची वेळ सांगितली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला येत नाय. होडीवाले हसायचे, मग विचारायचे थांबले. खाटेची दिशासुद्धा बदलून घेतली, समुद्र दिसू नये अशी. २००७ साली ते गेले. समुद्रावर चाळीस वर्षं कुणाचा जीव न जाऊ दिलेला माणूस, नातवाचा जीव आपण घेतला असं मनात धरून गेला. आणि ते धरायला मी लावलं होतं.

वर्गात अर्धा तास कोण उभं होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचेन. पण हे लिहिण्याआधी मला एक काम उरकायचं होतं. गेल्या महिन्यात मी नसीमताईंकडे गेले. यादी, मिळवलेले दोन, पुन्हा मिळवलेले दोन, डस्टर, वह्या – सगळं सांगितलं. कागदावर मांडून दाखवलं. चूक माझी होती, आजोबांची वेळ बरोबर होती, शफीचीही बरोबर होती, असं अगदी याच शब्दांत म्हणाले.

त्या रागावतील, हाकलतील अशी मी तयारी केली होती. तसं काही झालं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि एवढंच विचारलं, “बाबा इथे बाहेर बसून तुम्हाला विचारत होते, तेव्हा का नाय सांगितलंत?”

याचं स्पष्टीकरण होतं माझ्याकडे. मी सांगितलं, नोकरी जाईल म्हणून घाबरले होते.